मालनची साडेसातची पंगत

मालन घाडीगावकरने जन्मभर दुसऱ्यांची दुखणी काढली. लालबागच्या चाळीत ती जन्मली, तिथेच वाढली, आणि लग्न होऊन गेली तीही त्याच चाळीच्या वरच्या मजल्यावर. मैत्रिणी चिडवायच्या, "हिची पाठवणी जिन्यावरूनच झाली गं!" लेक शाळेत जायला लागली तशी ती परळच्या एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागली. ते बंद पडल्यावर ब्युरोकडून घरोघरी पेशंट सांभाळायला जाऊ लागली. पेशंटला उचलून बसवताना ती मनातल्या मनात गावच्या रवळनाथाचं नाव घ्यायची. "वजन मी उचलते, तोल तो सांभाळतो," एवढंच म्हणायची. देवाबद्दल त्यापेक्षा जास्त बोलायची तिला सवय नव्हती.

दिवसाची ड्युटी होती तोवर सगळं ठीक चाललं होतं. सकाळी डबा घेऊन जायचं, संध्याकाळी घरी येऊन देवाजवळ दिवा लावायचा, आणि साडेसातला टीव्हीसमोर नवऱ्याबरोबर जेवायला बसायचं. मग ब्युरोने तिला गिरगावात खोताच्या वाडीत पाठवलं. तिथल्या फिलोमिना आंटी घरातच पडल्या होत्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांची लेक वसईला शाळेत शिकवायची, ती फक्त रविवारी यायची. म्हणजे मालनला रात्रंदिवस तिथेच राहायचं होतं, आणि घर मिळायचं ते रविवारचं.

ब्युरोच्या बाईने विचारलं, "जमेल ना मालनताई?" मालन "जमेल" म्हणाली. तिला राहायची भीती नव्हती. भीती होती ती धोंडूच्या जेवणाची.

धोंडू म्हणजे तिचा नवरा. पोरवयात मालवणकडून मुंबईला आला तो थेट लालबागच्या खानावळीत. तिथे गिरणीतले गाववाले पंगतीने बसायचे, आणि समोरच्याने घास उचलल्याशिवाय आपण उचलायचा नाही अशी रीत होती. खानावळ गेली, गिरणी गेली, धोंडू एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन झाला, तिथून निवृत्तही झाला, पण ती रीत काही सुटली नाही. समोर कोणी जेवायला नसलं की घास त्याच्या घशाखाली उतरायचा नाही. त्यात साखरेचा आजार. वेळेवर जेवला नाही की हातपाय कापायला लागायचे. लेक लग्न होऊन डोंबिवलीला गेलेली. शेजारची प्रिती भाकरी आणि कालवण आणून द्यायची, पण समोर कोण बसणार?

पहिल्याच आठवड्यात प्रितीचा फोन आला. "काकी, काका जेवत नाहीयेत हो. काल दिलेल्या भाकऱ्या तशाच परत आल्या. विचारलं तर म्हणतात, भूक नाय."

मालनने लगेच धोंडूला फोन लावला. "अहो, जेवत का नाही?"

"जेवतंय मा."

"खोटं बोलू नका."

मग धोंडू म्हणाला, "एकट्यान जेवूक बसलंय की खानावळ बंद पडल्यासारखा वाटता गो."

त्या रात्री मालनला झोप लागली नाही. सकाळी तिने चाळीतल्या केबलवाल्या दौलतला फोन केला. दौलतचं ऑफिस चाळीच्या जिन्याखालीच होतं. "दौलत, घरी लागतो तोच टीव्ही मला इथे मोबाईलवर दिसेल का रे?"

"का नाही दिसणार काकी? आपलं ॲप आहे. तुमचं केबलचं कनेक्शन आहे ना, मग मोबाईलवर फुकट. फक्त नंबर काकांचा दिलेला आहे, त्यावर ओटीपी जाईल, तो टाकायचा."

तो ओटीपी मिळवणं म्हणजे एक कार्यच झालं. धोंडूला आधी मेसेज सापडेना. सापडला तर चष्मा सापडेना. चष्मा सापडला तोवर ओटीपी शिळा झालेला.

"अहो, भराभर वाचा ना!"

"भराभर काय, देवाचा श्लोक आसा काय तो? चार... सात... रव जरा, हो आकडो एक काय सात?"

खाटेवरून फिलोमिना आंटी हसायला लागल्या. "अगं मालन, एवढ्यात आमचं लग्न लागलं असतं चर्चमध्ये!"

शेवटी लागलं एकदाचं. मालनकडे दोन फोन होते. बोलायला जुना बटणांचा, आणि बघायला लेकीने दिलेला मोठा. संध्याकाळी आंटींची माळ जपून झाली, त्यांना पेज भरवून झाली, की मालन आपलं ताट घेऊन खाटेशेजारी बसायची. मोठा फोन आंटींनाही दिसेल असा स्टुलावर ठेवायची आणि बटणांच्या फोनवरून धोंडूला फोन लावायची.

"बसलात?"

"बसलंय."

"मग घ्या घास."

आणि लालबागेत आणि गिरगावात एकदमच जेवायला सुरुवात व्हायची. मालिका होती एका कुमुद नावाच्या सुनेची. तिची सासू काकीसाहेब तिला सुखाने दोन घास खाऊ द्यायची नाही. धोंडू त्या काकीसाहेबांवर भारी चिडायचा, आणि चिडला की जेवायचा बरा.

एकच अडचण होती. घरच्या टीव्हीवर चित्र आधी यायचं आणि मोबाईलवर मागाहून. बटणांच्या फोनमधून घरच्या टीव्हीचा आवाज यायचा, आणि तेच वाक्य थोड्या वेळाने मोबाईलवर परत. मालनचं डोकं फिरायला लागलं. "अहो, तुमचा आवाज बंद करा बघू. मला सगळं दोनदा ऐकू येतंय." धोंडूने आवाज बंद केला. त्याला मालनकडचाच आवाज फोनवर ऐकू यायचा. "आता टोंड आधी हलता नि आवाज मागसून येता," तो म्हणायचा, "आमचो तात्या दारू पिऊन बोलायचो तसो!" पण चित्र त्याला आधी दिसायचं, त्यामुळे काकीसाहेब दारात आली की इकडे मालन अजून कुमुदची भाकरी बघतेय तोवर तिकडून धोंडूची शिवी.

"इली बग भवानी!"

"सांगू नका हो आधी!"

"मी खंय सांगतंय? माज्या टोंडातसून सुटला."

प्रितीचा निरोप आला, भाकऱ्या संपतायत. मालनने आंटींच्या घराबाहेरच्या क्रुसासमोर हात जोडले. तिच्या मनात होता रवळनाथ, पण समोर जो देव उभा आहे त्याला ओलांडून जाणं तिला बरं वाटेना.

मग एका संध्याकाळी मोबाईलवरचं चित्र अडकायला लागलं. कुमुद तोंड उघडून तशीच थांबली आणि मधोमध चक्र फिरायला लागलं.

"अहो, माझं चित्र अडकतंय. नुसतं गोल गोल फिरतंय."

"अडाकता? जरा रव हां," धोंडू म्हणाला. फोनमध्ये ताट सरकवल्याचा आवाज आला, मग पाट. मालनने तोवर स्टूल उचलून खिडकीजवळ नेलं.

"आता? आता येता?"

"आलं, आलं! एकदम लख्ख आलं."

"झाला तर मग," धोंडू म्हणाला आणि परत जेवायला बसला.

त्यानंतर चित्र अडकलं नाही. दोन-चार संध्याकाळी गेल्यावर मालनच्या लक्षात आलं, की धोंडू आता आधी शिवी देत नाही. काकीसाहेब दारात येते, मालन "आली बाई!" म्हणते, आणि मग धोंडूची शिवी येते. तिला आधी बरंच वाटलं. दोघांचं एकदम येतंय असं समजून ती खूश झाली. पण मग तो भलतंच विचारायला लागला.

"आता कोण रडता गो?"

"कोण रडतंय म्हणजे? कुमुद. समोर दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसता, दिसता. माका वाटला ती दुसरी."

दुसऱ्या दिवशी, "हो बापयो कोण नवीन?" तो बाप्या म्हणजे कुमुदचा सख्खा दीर, पहिल्या भागापासून असलेला.

मालनने हातातला घास ताटात परत ठेवला. धोंडूच्या आईचे डोळे साखरेनेच गेले होते. म्हातारीनेही आधी कोणाला सांगितलं नव्हतं. विझलेलं समजून चुलीतलं पेटतं लाकूड एकदा हातात धरलं तेव्हा घराला कळलं. धोंडूही तसलाच. दात दुखला तरी सांगणार नाही. आता टीव्हीवरचं माणूस त्याला ओळखू येत नसेल तर?

"अहो, डोळ्यांना नीट दिसतं ना तुम्हाला?"

"माज्या डोळ्यांक काय धाड भरली? तू जेव."

फोन ठेवून मालनने अर्धं ताट बाजूला सारलं. आंटी तिच्याकडे बघत होत्या.

"काय गं मालन?"

मालनने सांगितलं. दुसऱ्यांचे आजार ओळखण्यात जन्म गेला, आणि स्वतःच्या माणसाचा आजार फोनच्या दोन टोकांमध्ये हरवला, असं तिला झालं होतं.

"रविवारची वाट बघू नकोस," आंटी म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी जा. समोरची नूपुर बसेल माझ्याजवळ."

"तुम्हाला सोडून कशी जाऊ आंटी?"

"जा गं. मी काय उठून पळून जाणार आहे?"

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातली नूपुर येऊन बसली आणि मालन बस पकडून लालबागला निघाली. धोंडूला तिने कळवलं नाही. कळवलं असतं तर त्याने सगळं लपवलं असतं. बसमध्ये खिडकीशी बसून तिने डोळे मिटले आणि गावाकडे देवासमोर घालतात तसं गाऱ्हाणं मनात घातलं. बा रवळनाथा, माझ्या हातून कोणाच्या पेशंटचं वाईट झालं असेल तर मला शिक्षा कर, पण त्यांचे डोळे ठेव रे म्हाराजा.

चाळीत पोचली तेव्हा साडेसात वाजून गेले होते. गॅलरीत घराघरातून त्याच मालिकेचं गाणं ऐकू येत होतं. आपल्या खोलीच्या खिडकीशी ती थांबली. आत ट्यूब लागलेली होती. धोंडू पाटावर बसला होता, समोर ताट, ताटाजवळ फोन, आणि तो फोन वाजायची वाट बघत होता. मालनने मोठ्या फोनवर मालिका लावली आणि बटणांच्या फोनवरून त्याला फोन लावला.

"बसलात?" ती हळू आवाजात म्हणाली.

"बसलंय. आज उशीर केलंस?"

"आंटींना पेज द्यायची होती. घ्या घास."

धोंडूने घास घेतला आणि टीव्हीकडे तोंड करून बसला. मालनने खिडकीतून टीव्हीकडे बघितलं. टीव्ही बंद होता. पडदा काळा कुळकुळीत. त्यात ट्यूब आणि धोंडूचं डोकं तेवढं दिसत होतं.

तिला वाटलं, देवा, टीव्ही चालू आहे की बंद, हेही यांना दिसत नाही.

"कुमुद आली बघा," ती कशीबशी म्हणाली.

"इली, इली," धोंडू काळ्या पडद्याकडे बघत म्हणाला. "हिरव्या लुगड्यात इली मा?"

कुमुद पिवळ्या साडीत होती. मालनने खिडकीचा गज धरला. आत जाऊन त्याला कवटाळावं, की आधी रडून घ्यावं, तिला कळेना. तेवढ्यात धोंडूने ताटातला पेडवा उचलला. बोटभर मासा तो, त्यात केसासारखे काटे. धोंडूने तो ट्यूबखाली धरला, मधला काटा अलगद ओढून काढला, मग बाजूचे बारीक काटे एकेक वेचून ताटाच्या कडेला ओळीने लावले, आणि एक राहिला होता तो जिभेवर जायच्या आधी चिमटीत पकडून बाहेर काढला.

मालन बघतच राहिली. असे काटे तिलासुद्धा चष्म्याशिवाय दिसले नसते.

तिने दार ढकललं. "टीव्ही का बंद आहे?"

धोंडू असा दचकला की काटे ताटात परत सांडले. "तू! तू कशी इलंस? पेशंट गेली की काय?"

"अभद्र बोलू नका. टीव्ही का बंद आहे ते सांगा."

धोंडू चोरी पकडल्यासारखा खाली बघायला लागला. "तुज्या चित्राक मुंग्यो येतत मा, म्हणान."

"मुंग्या?"

"तूच म्हणालंस, अडाकता म्हणान. मी हयसून वायर काढून बंद केलंय, तसा तुजा लख्ख इला. मग कशाक चालू करू?"

मालनला सगळं आठवलं. चाळीत पहिल्यांदा केबल आली तेव्हा मजल्यावरच्या खोल्यांनी मिळून एकच लाईन घेतली होती. एका घरातून वायर दुसऱ्या घरात, तिथून तिसऱ्या. शेवटच्या खोलीतल्या बुधाजीने टीव्ही लावला की सगळ्यांच्या चित्रावर मुंग्या. भांडणं नकोत म्हणून मजल्याने रीत पाडली. ज्याच्या घरी पाहुणे असतील, किंवा कोणी आजारी असेल, त्याच्यासाठी त्या संध्याकाळी बाकीच्यांनी आपली वायर काढायची. म्हणजे त्याचं चित्र स्वच्छ यायचं. मालन बाळंत होऊन आली होती तेव्हा सगळ्या मजल्याने तिच्यासाठी वायरी काढल्या होत्या, आणि खाटेवर पडून तिने गणपतीची मिरवणूक बघितली होती.

तीच वायर धोंडू इतक्या संध्याकाळी तिच्यासाठी काढत होता. आणि आपल्याला दिसतंय असं तिला वाटावं, म्हणून बंद टीव्हीसमोर बसून काकीसाहेबांना शिव्या घालत होता.

तिने गॅलरीतून खाली हाक मारली, "दौलत! वर ये रे जरा!"

दौलत आला. ऐकून घेतलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "काका, ते तुमच्या वायरीवर नाही चालत. काकींचं नेटवरून येतं. तुम्ही टीव्ही लावा नाहीतर फोडा, काकींना काही फरक पडत नाही."

"वायरीवर नाय?"

"नाही."

"हवेतसून येता?"

"तसंच समजा."

"मग हवेतसून येता तर तेचो नंबर माज्या फोनवर कित्याक इलो?" धोंडूने विचारलं. "माजी परवानगी घेतल्यानी, म्हणजे लाईन माज्या घरातसून गेली. बरोबर काय नाय?"

"काका, तुमचं पण बरोबर आहे," एवढं म्हणून दौलत खाली गेला.

मालनला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मला वाटलं तुमचे डोळे गेले हो," ती म्हणाली. "तुमच्या आईसारखे."

धोंडूने ताटातला एक पेडवा उचलला, त्याचे काटे काढले, आणि साफ केलेलं मांस तिच्यासमोर धरलं. "जेव. घामाघूम झालंस."

"टीव्ही लावा आधी," मालन म्हणाली. "आणि रविवारी तरीसुद्धा डोळे दाखवायला जायचंय. ऐकायचं नाही काही."

त्यांनी टीव्ही लावला. मालिका निम्मी होऊन गेली होती. दोघं एका ताटात जेवली, आणि जाहिराती लागल्या तशी मालन देवाजवळ दिवा लावून बसस्टॉपवर गेली. आंटी वाट बघत असतील.

दुसऱ्या दिवशी साडेसातला तिने फोन लावला.

"टीव्ही चालू आहे ना?"

"चालू आसा."

"नक्की?"

"देवाशपथ."

काकीसाहेब दारात यायच्या आधी शिवी आली, तेव्हा मालनचा जीव भांड्यात पडला. पण धोंडूचं जेवण काही रंगेना. फोनवर ताटाचा आवाज यायचा आणि मध्येच थांबायचा. थोड्या वेळाने त्याने दबक्या आवाजात विचारलं, "मालन, बंद करू काय गो?"

"का? वायरीचं काही नाही म्हणून दौलतने सांगितलं ना?"

"ता कळला माका. पण हो टीवी बगताना तू गप बसतंस. बंद होतो तेवा मी विचारलंय की तू सांगायचंस. कोण इला, कसला लुगडा, कोणाचा काय चुकला. ता ऐकान घास उतरायचो. नुसता बगूक काय, बगूक सगळेच बगतत."

मालनने खाटेकडे पाहिलं. आंटींनी मान डोलावली.

"करा बंद," मालन म्हणाली.

फोनमध्ये पाट सरकल्याचा आवाज आला. मग धोंडू परत येऊन बसला. मालनने स्टूल जवळ ओढलं आणि सांगायला लागली. कुमुद आज निळ्या साडीत आहे. पदर खोचलाय, म्हणजे भांडायची तयारी. काकीसाहेब सोफ्यावर. हातात चहा आहे, पण पीत नाही, नुसता ढवळतेय.

"ढवळता काय? साकर जास्त झाली आसतली भवानीक," धोंडू म्हणाला. "रव जरा, भात वाढून घेतंय."

मालन थांबली. कालथ्याचा आवाज, मग आमटीच्या पळीचा. दुसऱ्यांदा भात घेतला होता त्याने. ती ऐकत राहिली, आणि मालिकेकडे बघायचं तिला भानच राहिलं नाही.

"हां, बोल," धोंडू म्हणाला. "काय झाला मगे?"

"मी बघितलंच नाही हो," मालन म्हणाली.

"मी बघितलं," खाटेवरून फिलोमिना आंटी म्हणाल्या आणि त्यांनी बटणांच्या फोनसाठी हात पुढे केला. "आण इकडे. सांगते त्याला."